चोरओटीचा मांडव

चोरओटीला लागतात तीन बायका, एक नारळ आणि आतून कडी लावलेलं दार. तिसऱ्या महिन्यात, बाहेर कुणाला सुगावा लागायच्या आत, सासूनं सुनेच्या ओटीत मूठभर तांदूळ घालायचे, हिरवा खण द्यायचा आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं भाकऱ्या थापायला बसायचं. दृष्ट लागू नये म्हणून चोरून करायची, म्हणून चोरओटी. तळवड्यातल्या शेंबड्या पोरालाही एवढं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मारुतरावांना, आणि नेमकं त्यांनाच यंदा महापालिकेला उभं राहायचं होतं.

म्हणून वेशीपासून बंगल्यापर्यंत फ्लेक्स लागले होते. 'सौ. वर्षाली ओंकार यांच्या भव्य चोरओटी सोहळ्यास आपणा सर्वांचे हार्दिक स्वागत.' वर मारुतराव हात जोडून उभे, खाली 'भावी नगरसेवक', बाजूला दाढीवाल्या पोरांच्या मुंडक्यांची रांग. जिची ओटी भरायची ती खाली कोपऱ्यात, पासपोर्टाच्या फोटोएवढी, लग्नातल्या फोटोत, आणि त्यातही निम्मा चेहरा मुंडावळ्यांनी झाकलेला.

"चोरीला निघायचं आन् म्होरं ब्यांड लावायचा," स्वयंपाकघराच्या खिडकीतून मांडवाकडं बघत कौशल्याबाई स्वतःशीच म्हणाल्या.

मांडव अंगण भरून रस्त्यापर्यंत गेला होता. स्टेज नेमकं फाटकाला आडवं टाकलं होतं, आणि घरातल्या दोन्ही मोठ्या गाड्या हार घालून स्टेजच्या मागं उभ्या केल्या होत्या, का तर फोटोत याव्यात. रान एमआयडीसीत गेलं, उरलेलं बिल्डरनं घेतलं, तेव्हापासून या घरात जे काही होतं ते फोटोत येण्यासाठीच होतं, असं कौशल्याबाईंचं पक्कं मत होतं. नवऱ्याबद्दलची, म्हणजे मारुतरावांबद्दलची, अशी बरीच पक्की मतं त्यांनी जमवून ठेवली होती. बोलून दाखवायला मुहूर्त मिळत नव्हता इतकंच.

मागच्या अंगाला आचाऱ्यानं मासवडीच्या रश्श्याचं वाटण भाजायला घेतलं होतं. सुकं खोबरं आणि कांदा तेलात काळपट होत आला, त्याचा धूर सरळ वरच्या मजल्यावर गेला, आणि वरून ओकारीचा आवाज आला. कोरडा, घसा खरवडून काढणारा.

"झालं सुरू," कौशल्याबाई म्हणाल्या आणि गॅस बारीक करून वर निघाल्या.

धाकट्या सुनेची त्यांना दया येत नव्हती असं नाही. पण दयेपेक्षा वैताग जास्त होता. वर्षाली संत तुकाराम नगरातली, कंपनीतून रिटायर झालेल्या फिटरची एकुलती एक, आयटी पार्कात नोकरीला. दिवस गेल्याचं कळलं आणि पोरीनं जी ओकायला सुरुवात केली ती केलीच. उपायांना तोटा नव्हता. कौशल्याबाईंच्या नणंदेनं, आक्काबाईंनी, आलेपाक दिला, भावकीतल्या बायकांनी मोरावळा आणि आवळासुपारी, मागच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या झुलेखानं सकाळी उठल्या उठल्या खायला कोरडी खारी. कौशल्याबाईंनी स्वतः साळीच्या लाह्यांचं पाणी करून दिलं. सगळं आलं तसं बाहेर गेलं. ओंकारनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मोबाइलवरून लिंबाच्या वासाची मेणबत्ती मागवली होती. ती लावल्यावर तर पोरगी दोनदा ओकली.

"ओकारी म्हंजी काय दुखणं हाय व्हय?" असं कौशल्याबाई गेले काही आठवडे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या. त्यांना तसं विचारायचा हक्कही होता. पहिलटकरीण असताना त्या कांद्याच्या वाफ्यात ओकल्या होत्या आणि तोंड पुसून परत खुरपं धरलं होतं. ही गोष्ट घरातल्या प्रत्येक डोहाळजेवणाला, प्रत्येक बारशाला सांगितली जायची. सांगायचा मान आक्काबाईंचा, आणि ऐकताना पदर सारखा करून खाली बघायचा मान कौशल्याबाईंचा. गोष्ट खुरप्यापाशी संपायची.

वरच्या खोलीत एसी होता, पडदे होते, कोपऱ्यात नवी कोरी पाळण्याची खोकी होती आणि पलंगाच्या कडेला भांडी घासायचा निळा टब. वर्षाली कुशीवर पडली होती. तिच्या ओठांची सालपटं निघाली होती. पलंगावरच्या एकमेव ऐसपैस जागेत आक्काबाई बसल्या होत्या. मारुतरावांची ही थोरली बहीण भोसरीत दिली होती. ती माहेरी आली की घरातली माणसं आपोआप उभी राहत, कारण बसायला जागा उरत नसे.

"आई," वर्षाली म्हणाली, "मी डॉक्टर मॅडमना फोन केला होता. त्या म्हणाल्या, पाणीसुद्धा टिकत नसेल तर आजच ॲडमिट व्हा. सलाइन लावावं लागेल."

"आज?" ओंकार आरशापुढं शेरवानीची बटणं लावत होता. त्याच्या अंगाला अत्तराचा असा भपकारा होता की कौशल्याबाईंनाच मळमळल्यासारखं झालं. "आज कसं शक्य आहे, वर्षू? सात वाजता साहेब येतायत, पप्पांचं तिकीट त्यांच्याच हातात आहे. आणि मी गुगलवर बघितलंय, पहिले तीन महिने हे नॉर्मल असतं."

"त्याच्यातच खाली लिहिलंय, लघवी कमी झाली तर दवाखान्यात न्या. तू खालपर्यंत वाचलंस का?"

"एवढं कुठं वाचत बसू? खाली पाचशे पानांचं जेवण आहे."

"सलाइन!" आक्काबाईंनी पानाचा तोबरा गालात सरकवला. "आमच्या येळला कुठं व्हती सलाइन? आमी काय पोरं काढली न्हाईत? वांत्या जेवढ्या जास्त तेवढा गर्भ घट्ट. माझ्या सासूनं सांगितलेलं हाय. पोटात केसाळ पोरगं असलं की असंच व्हतं."

दाराबाहेर खाकरण्याचा आवाज झाला. सुनेच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही एवढी जुनी रीत मारुतराव पाळत असत. ती पाळायला काही खर्च येत नव्हता.

"काय ठरलं?" ते बाहेरूनच म्हणाले. "साहेब पाच मिनटं थांबनार. सुनबाईंनी झोपाळ्यावर बसायचं, साहेब फुलं देत्याल, फोटो काढायचा, संपला विषय. मग सलाइन लावा, न्हाईतर आख्खा दवाखाना उचलून आना. मी कुठं नगं म्हनतो?"

सगळ्यांनी कौशल्याबाईंकडं बघितलं. वर्षालीनंही बघितलं, आणि तिच्या बघण्यात थोडी आशा होती.

"दोन तासाचा प्रश्न हाय, पोरी," कौशल्याबाई म्हणाल्या. "दात-ओठ खाऊन बस. झालं की म्या सोता नेते तुला."

वर्षालीनं भिंतीकडं तोंड केलं. कौशल्याबाईंना वाटलं, बघा नखरा.

तिला नेसवायचं काम पूनमकडं होतं. पूनम थोरली सून, राजगुरुनगरकडची, तोंडानं मिठ्ठास आणि मनानं हिशेबी, असं कौशल्याबाईंचं आणखी एक पक्कं मत. ती हिरवी पैठणी आणि पिनांचा डबा घेऊन आली आणि धाकट्या जावेकडं बघून हसली. ते हसणं काही फार गोड नव्हतं.

"नशीब काढलंस बाई. माझ्या वेळी मांडव नव्हता, झोपाळा नव्हता. चोरओटीसुद्धा विसरले होते सगळे. आणि आता बघा, साहेब येतायत ओटीला."

"ताई, मला उभं राहवत नाहीये हो."

"राहावं लागतं. मी राहिले."

वर्षाली उठली. पलंगाची कड धरून दोन पावलं टाकली आणि मटकन खाली बसली. कौशल्याबाईंनी चमच्यानं पाणी पाजलं. एक चमचा, दुसरा. तिसऱ्याला ते सगळं परत आलं, आणि त्यामागून हिरवट-पिवळं पित्त. ते ओकून झाल्यावरही पोट पिळत राहिलं. बाहेर स्पीकरवर 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' चाललं होतं.

"आधी बाथरूमला जाऊन ये," कौशल्याबाई म्हणाल्या. "एकदा पैठणी चढली की उठता यायचं न्हाई."

"लागलीच नाही, आई."

"सकाळी गेली व्हतीस?"

"काल सकाळी गेले होते. थोडीशीच झाली, चहासारखी. त्यानंतर नाहीच."

पूनमच्या दातांत धरलेली पिन तशीच राहिली. तिनं सासूकडं बघितलं. कौशल्याबाई सुनेच्या तोंडाकडं बघत होत्या. जीभ कोरडी ठणठणीत, पांढरी. डोळे आत गेलेले. हे तोंड आपण कुठंतरी बघितलंय असं त्यांना वाटलं, पण कुठं ते आठवेना. आठवायला नको वाटलं, हे जास्त खरं.

तेवढ्यात दार ढकलून आक्काबाई आल्या, मागं भावकीतल्या चार बायका. नटलेली सून बघायला आल्या होत्या आणि बघायला मिळाली ती परकरावर जमिनीवर बसलेली.

"अगं, अजून उघडीच?" आक्काबाई कडाडल्या. "काय बाई आजकालच्या पोरी. जरा मळमळलं की झोपल्या. आमच्या कौशीला इचारा! पहिलटकरीण व्हती, कांद्याची खुरपणी चाललेली, ऊन मी म्हणत व्हतं. ही वाफ्यातच ओकली भडाभडा. आमची आई म्हनली, जा घरला. तर ही काय म्हनली? हिनं तोंड पुसलं आन् परत खुरपं धरलं! ह्याला म्हनायचं बाईमाणूस."

बायकांनी माना डोलावल्या. एकीनं "तर वो," म्हटलं. कौशल्याबाईंचा हात सवयीनं पदराकडं गेला, आणि तिथंच राहिला. पदर काही सारखा झाला नाही.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "म्होरचं सांगा की."

"म्होरचं काय?"

"खुरपं धरलं. मंग?"

"मंग काय? वाफा खुरपून झाला."

"वाफा झाला. आन् पाचव्या महिन्यात मी रिकामी झाले. ते कुनी सांगायचं?"

खोलीतल्या बायका एकदम भिंतीकडं, पाळण्याच्या खोक्यांकडं, एकमेकींच्या बांगड्यांकडं बघायला लागल्या.

"जुनं कशाला उकरतीस, कौशे?" आक्काबाईंचा आवाज खाली आला. "आजच्या दिसाला? अशुभ."

"जुनं तुमीच उकरता, दर बारशाला. पर निम्मंच उकरता. तुमच्या आईंनी जा घरला म्हनलं न्हवतंच. 'नखरं करू नगंस, वाफा पुरा कर' म्हनल्या, आन् तुमी बांधावर बसून हसत व्हता. मला बी पानी टिकत न्हवतं. मला बी लघवी व्हत न्हवती. सांगितलं व्हतं मी तुमाला, वन्सं. गोठ्यामागं गाडलं ते बी तुमीच. पोरगी व्हती का पोरगा, एवढं बी मला सांगितलं न्हाई कुनी. कशानं गेलं ते देवाला ठावं. खुरप्यानं गेलं असं मी म्हनत न्हाई. पर गोष्ट सांगायची तर आख्खी सांगा."

आक्काबाईंनी तोबरा गिळला. त्यांना तोंडात काही नसताना बोलायची सवय नव्हती.

कौशल्याबाईंना मात्र आक्काबाईंचा राग आलाच नाही. तो कधीच येऊन, मुरून, शिळा झाला होता. राग आला तो स्वतःचा. ज्या गोष्टीनं आपलं पहिलं लेकरू झाकून टाकलं, तीच गोष्ट आपण चाळीस वर्षं दागिन्यासारखी घालून मिरवली. आणि गेले काही आठवडे तोच दागिना या पोरीच्या डोक्यात हाणत होतो.

"पैठणी ठेव, पूनम," त्या म्हणाल्या. "गाऊन घाल तिला."

जिन्यात मारुतराव भेटले. डोक्यावर फेटा चढला होता, त्यामुळं ते नेहमीपेक्षा एक हात उंच आणि दोन हात मूर्ख दिसत होते. मागं ओंकार.

"गाडी काढा," कौशल्याबाई म्हणाल्या. "वर्षालीला दवाखान्यात न्यायचीय. आत्ता."

"गाडी? म्होरं स्टेज हाय. स्टेज सोडल्याबिगर गाडी निघतीय व्हय?"

"मंग सोडा."

"येडी झालीस का तू? साहेब तासाभरात येत्यात!"

"ॲम्ब्युलन्स बोलवू का, पप्पा?" ओंकार म्हणाला. सबंध दिवसात त्यानं काढलेली ही पहिली कामाची गोष्ट.

"मांडवाच्या दारात ॲम्ब्युलन्स? आरं, लोक काय म्हनत्याल! उद्या इरोधक फोटो टाकत्याल, मारुतरावाच्या ओटीला ॲम्ब्युलन्स आली म्हनून!"

"मारुतरावाची ओटी," कौशल्याबाई म्हणाल्या. "आज खरं बोललात. ओटी तुमचीच हाय, फकस्त पोट तिचं. नाकापरीस मोती जड झालाय तुमाला. काल सकाळपास्नं पोरीला लघवी न्हाई. तिच्या पोटात तुमचंच नातवंड हाय. का ते बी फ्लेक्सवरच पायजे?"

मारुतरावांनी इकडं-तिकडं बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना. चाळीस वर्षांत ही बाई फटकळ होती, पण चारचौघांत कधी बोलली नव्हती. त्यांनी शेवटी हात जोडले, थेट फ्लेक्ससारखे. "आगं, साहेबांला म्या शब्द दिलाय. झोपाळा मोकळा दाखवू का?"

"मामा," जिन्याच्या वरच्या पायरीवरून पूनम म्हणाली, "झोपाळ्यावर सून लागते ना? मी बसते."

"तू?"

"मीसुद्धा सूनच आहे या घरची. पदर पुढं ओढून घेईन. साहेबांना काय कळणार आहे? फ्लेक्सवर वर्षालीचा चेहरा तरी कुठं दिसतोय?"

"आगं, पर तुला दोन पोरं. तुझं तर आपरेशन..." मारुतराव मध्येच थांबले. त्यांनी विचार केला. कौशल्याबाईंनी त्यांना विचार करताना क्वचितच बघितलं होतं, आणि आज बघितलं ते पुरे झालं. "बरं," ते शेवटी म्हणाले. "पदर लई खाली घे. आन् हिरवी पैठणीच नेस, पत्रकारांला हिरवंच सांगितलंय."

म्हणजे सून लागत होती. कुठलीही चालत होती. कौशल्याबाईंना हसावं का थुंकावं कळेना. दोन्ही वेळ घालवणारं होतं.

पूनम खाली उतरली आणि त्यांच्या जवळून जाताना हळूच म्हणाली, "उपकार म्हणून नाही हं आई. माझ्या वेळी तिसऱ्यात वांत्या होत होत्या, तर तुम्ही मला चुलीपुढं पुऱ्या तळायला बसवलं होतंत. ओकारी म्हणजे काय दुखणं आहे, म्हणाला होतात. जा आता, हिला तरी न्या."

कौशल्याबाई वर्षालीला आणायला वर गेल्या.

बंगल्याच्या मागं भाडेकरूंच्या खोल्यांची रांग होती आणि त्या रांगेतून मागच्या गल्लीत जायला एक बोळ. एकीकडून सासू, एकीकडून नवरा, अशी वर्षाली बोळापर्यंत आली. झुलेखा दारात कपडे पिळत होती. याच झुलेखाला कौशल्याबाईंनी मागच्या महिन्यात दम भरला होता, की तुझ्या खिम्याचा वास वर जातो, सुनेला मळमळतं. आज मासवडीच्या रश्श्यानं सगळी आळी घुसमटली होती आणि त्याला कुणी दम देणारं नव्हतं.

झुलेखानं एकदा वर्षालीच्या तोंडाकडं बघितलं आणि आत हाक मारली, "अजी सुनते हो, रिक्षा काढा!"

तिचा नवरा नवाब भोसरीत गाड्या दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी रिक्षा चालवायचा. तो जेवत्या ताटावरून उठला. झुलेखानं मागच्या सीटवर उशी टाकली आणि एक रिकामा पाण्याचा मग हातात दिला. "उलटीला लागंल, मावशी. धुवून आणून द्यायची घाई नको."

"मी येतोच मागनं," ओंकार बोळाच्या तोंडाशीच थांबून म्हणाला. "साहेब गेले की लगेच निघतो. पप्पा एकटे पडतील."

"ये सावकाश," कौशल्याबाई म्हणाल्या. "बारशाला आलास तरी चालंल."

रिक्षा निघाली. शिफ्ट सुटायची वेळ. तळवड्याच्या चौकात कंपन्यांच्या बसगाड्या, टेम्पो, लोखंडाच्या सळया लादलेला एक ट्रेलर, सगळे एकमेकांच्या छातीत शिंगं घालून उभे. नवाब खड्डे चुकवत, वेळ पडली तर फुटपाथ न चुकवत रिक्षा काढत होता. वर्षालीचं डोकं कौशल्याबाईंच्या मांडीवर होतं. त्यांनी आयुष्यात सुनेचं डोकं मांडीवर घेतलं नव्हतं. कुठं हात ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी तो तिच्या कपाळावर ठेवला आणि चौकापासून निगडीपर्यंत आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या एवढे नवस बोलल्या. देव्हाऱ्यातला एकही देव त्यांनी सोडला नाही.

निगडीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई वयानं नातीएवढ्या होत्या, पण आवाज सासूचा. "इतके दिवस काय करत होतात? पेशंटची अवस्था बघताय ना? एवढी शिकलेली माणसं घरात असून?" एरवी कौशल्याबाईंनी भाजीवालीचाही एक शब्द खाली पडू दिला नसता. आज त्यांनी सगळे पडू दिले. सोनोग्राफी झाली. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या गर्दीत एक ठिपका फडफडत होता. "ठोके आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळ ठीक आहे. पण आईच्या अंगात पाणीच नाही. सलाइन चालू करतोय. लघवी झाली की मला लगेच सांगा. ती होईपर्यंत मला बरं वाटणार नाही."

आपल्यालाही वाटणार नाही, असं कौशल्याबाईंना सांगायचं होतं. पण त्यांनी नुसती मान हलवली.

एक बाटली संपली. दुसरी लागली. वर्षालीनं डोळे उघडले. थोड्या वेळानं पूनमनं फोनवर व्हिडिओ पाठवला. दोघींनी एकाच फोनवर बघितला. फुलांचा झोपाळा, त्यावर नाकापर्यंत पदर ओढलेली हिरवी पैठणी. साहेब पुष्पगुच्छ देतायत. मारुतराव पुढं सरसावून कॅमेऱ्याच्या आड येतायत. मग आक्काबाई ऑपरेशन झालेल्या पूनमच्या ओटीत नारळ घालतायत. सूत्रसंचालक ओरडतोय, 'पुत्रवती भव!' पदराखाली पूनमचे खांदे हलत होते. हसत होती.

वर्षाली हसली. तिला हसताना बघून कौशल्याबाईंच्या लक्षात आलं, की ही पोरगी कशी हसते ते आपण विसरूनच गेलो होतो.

"आई," ती म्हणाली, "ते पाचव्या महिन्यातलं... तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कसं बोलनार? खुरप्यापाशी थांबलं की लोक वा वा करायचे. म्होरं गेलं की गप बसायचे. मला बी वा वाच आवडायला लागली, पोरी. माजं चुकलंच. पूनमच्या बाबतीत बी चुकलं, तुज्या बाबतीत तर किती."

वर्षालीनं सुई टोचलेला हात सरकवून सासूच्या हाताशी आणून ठेवला.

"ओटी राहिली तुझी," कौशल्याबाई म्हणाल्या.

"राहू दे."

"राहू दे. आधी बाटली संपू दे."

नर्स येऊन गेली, 'झाली का?' विचारून गेली. कौशल्याबाई बाटलीतल्या थेंबांकडं बघत बसल्या. तिसरी बाटली अर्ध्यावर आली तेव्हा वर्षाली एकदम कोपरावर उठली.

"आई. लागलीय."

कौशल्याबाई अशा उठल्या, की खुर्ची मागं कलंडली. एका हातानं सुनेचा दंड धरला, दुसऱ्या हातानं सलाइनची बाटली डोक्याच्या वर उंच धरली, आणि पावलापावलानं तिला संडासाच्या दारापर्यंत नेलं. नळी आत जाईल एवढी फट ठेवून दार लोटलं आणि मोकळ्या हातानं धरून ठेवलं. बाटली धरून बाहेर उभ्या राहिल्या. हात दुखायला लागला. त्यांनी तो खाली घेतला नाही. आतून आवाज आला. आधी थेंब थेंब, मग चांगली धार. कौशल्याबाईंनी डोळे मिटले. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं, कारण पुसायला हात मोकळा नव्हता.

कमरेला खोचलेला फोन वाजला. बाटलीचा हात तसाच ठेवून त्यांनी दाराला पाय लावला आणि दुसऱ्या हातानं तो काढून कानाला लावला.

"आगं, ऐकतीस का?" मारुतराव ओरडत होते. मागं ढोल वाजत होता. "दणक्यात झालं! साहेब लई खूश. म्हनले, मारुतराव, अशी ओटी जिल्ह्यात झाली न्हाई. कुनाला काय बी कळलं न्हाई. तिकडं काय?"

"इकडं बी दणक्यात झालं," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमच्या सुनंला लघवी झाली. साहेबांला सांगा."

आणि त्यांनी फोन ठेवला.